सव्वातीन एकरात सोळा घरांची वस्ती करायची आहे, परवानग्यांची सुरुवात कुठून करायची?

वसुधा_ठाणे

नमस्कार मंडळी.

जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे, आम्ही जमीन बघतोय. आम्ही म्हणजे बारा कुटुंबं पक्की, सोळा करायची आहेत. बहुतेक ठाणे-डोंबिवलीचे, दोन पुण्याची, एक नाशिकचं. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेतून, काहींच्या नोकरीची थोडी वर्षं बाकी. मुलं बाहेरगावी नाहीतर बाहेरदेशी. प्रत्येकाचं सहा-सातशे चौरस फुटांचं बैठं घर, मध्ये कुंपणं नाहीत, एक मोठं सामाईक स्वयंपाकघर, पाहुण्यांना दोन खोल्या, नि कोणी अंथरुणाला खिळलं तर मदतनीस राहू शकेल अशी एक. वृद्धाश्रम नव्हे, आमच्यातले काहीजण अजून हरिश्चंद्रगडावर जाऊन येतात.

जमीन १ हेक्टर ३१ आर, म्हणजे सव्वातीन एकर. एकच गट, एकच मालक. उतार हलका, खालच्या बांधाला जुने आंबे, बोअरला पाणी आहे असं सांगतात. डांबरी रस्त्यापासून आत यायला पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, आहे.

एजंटचं म्हणणं असं: सगळ्यांनी मिळून सामाईक खरेदीखत करा, सातबाऱ्यावर सोळा नावं लावून घ्या, आत आपले आपण प्लॉट पाडा आणि पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून वाटणी लिहून ठेवा. घरं झाली की ग्रामपंचायत घरपट्टी लावते, मीटर मिळतो, विषय संपला. एनए (बिगरशेती परवानगी) वगैरे "नंतर होतं". आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे पटलंय कारण स्वस्त आहे. मला पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. आमच्या ग्रुपवर एकाने मगरपट्ट्याचं उदाहरण दिलं, की शेतकऱ्यांनी एकत्र येऊन नगर उभं केलं, मग आपण का नाही.

नक्की कुठल्या परवानग्या, कुठल्या क्रमाने, कोणाकडून? घराचे नकाशे आर्किटेक्टकडून काढून घ्यायला सुरुवात करू का?

(अजून चार कुटुंबांना जागा आहे. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप करावा.)

रानवारा

ताई, काही घाबरू नका. आमच्या भागात सगळे असेच प्लॉट आहेत. अकरा गुंठ्यात अकरा माणसं. लाईट आहे, पाणी आहे, घरपट्टी भरतो. पंधरा वर्षं कोणी विचारायला आलं नाही. सरकार दर थोड्या वर्षांनी नियमित करतंच. कायदा बघत बसाल तर घर नातवंडांच्या काळात होईल.

जुना_अनुरेखक

वसुधाताई, मी नगररचना खात्यात अनुरेखक (नकाशे उतरवून काढणारा) म्हणून लागलो, आरेखक म्हणून निवृत्त झालो. सही माझी कधीच नव्हती, रेघ माझी असायची. कायद्याचं वकिलाला विचारा, नकाशाचं माझ्याकडून ऐका.

तुमच्या पत्रात घरं आली, स्वयंपाकघर आलं, आंबेसुद्धा आले. रस्त्याला एक ओळ मिळाली. आमच्या टेबलावर फाइल उलट्या बाजूने वाचतात. घर कसं आहे हे सगळ्यात शेवटी. आधी विचारतात, इथे पोचायचं कसं?

म्हणून आर्किटेक्टला आत्ता पैसे देऊ नका. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा आणि गटाचा नकाशा काढा. त्यावर तुमच्या पाणंदीच्या जागी दुहेरी तुटक रेषा असेल तर तो गाडीरस्ता. तो साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा धरतात. एकेरी तुटक रेषा असेल तर पायवाट, सव्वाआठ फूट. आणि काहीच रेघ नसेल तर ती पाणंद नाही, शेजाऱ्याची मेहेरबानी आहे. त्याने जमीन विकली की मेहेरबानी संपते. "तीन पिढ्यांची वहिवाट आहे" हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी म्हटलं की आधी रेघ दाखव म्हणतो.

एजंट सांगेल, महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडून रस्ता काढून घेऊ. मिळेलही. पण तो रस्ता शेतात औत, ट्रॅक्टर, माल न्यायला बांधावरून देतात. सोळा घरांच्या रेखांकनाला तो पोहोच रस्ता म्हणून दाखवलात तर त्रुटीपत्र ठरलेलं. शेजाऱ्याच्या जमिनीतून यायचं असेल तर त्याच्याकडून नोंदणीकृत दस्ताने कायमचा रस्त्याचा हक्क घ्यावा लागतो, आणि तो त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात चढवून घ्यावा लागतो. रस्ता सरकारी पण अरुंद असेल, तर मध्यापासून मोजून तुमच्या हद्दीतली पट्टी रुंदीकरणाला सोडावी लागते.

आता झोन. जुन्नर तालुका पीएमआरडीएमध्ये, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत, येत नाही. जुन्नर शहराला नगरपरिषद आहे. बाकी तालुक्याला पुण्याची प्रादेशिक योजना लागू. ती २५ नोव्हेंबर १९९७ ला मंजूर झाली, १० फेब्रुवारी १९९८ पासून अमलात आहे. तेव्हा तुमची परवानगी ग्रामपंचायत देणार नाही. एमआरटीपी (राज्याचा नगररचना कायदा) कलम १८ खाली जिल्हाधिकारी देतात, नगररचना कार्यालयाच्या शिफारशीने. पुण्याला नगररचना कार्यालयात अर्ज करून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. फी किरकोळ असते. तो एक कागद हातात आल्याशिवाय इसाराचा रुपया देऊ नका. त्यावर रहिवास आला तर पुढे बोलू. शेती विभाग आला, म्हणजे लोक ज्याला ग्रीन झोन म्हणतात ते, तर वस्ती बसत नाही. मग गावठाणापासून अंतर किती ते बघायचं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला रहिवासाची वेगळी सोय असते, आणि त्याबाहेरच्याही ठरावीक पट्ट्यात प्रीमियम भरून रहिवासाला वाट असते. डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग आला तर नाद सोडा. १:५ पेक्षा जास्त चढावर नकाशा काढायची शाई फुकट.

"मग फार्महाऊस म्हणून करू" असं पुढचं वाक्य येईल. एक एकराच्या आतल्या शेतजमिनीवर फार्महाऊसच होत नाही. ०.४ ते ०.६ हेक्टर असेल तर एकच घर, १५० चौरस मीटर जोत्याचं. सव्वातीन एकरात अशी सोळा घरं बसवून दाखवणाऱ्याला मी चहा पाजेन.

सामाईक खरेदीचं गणित सांगतो. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून तुकडेबंदी कायदा आहे, १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याचं किमान माप, बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे. तुमच्या सोळा जणांना बागायत धरून दहा-दहा गुंठे दिले तरी १६० गुंठे लागतात. जमीन १३० गुंठे. शेतजमीन म्हणून सोळा तुकडे पडतच नाहीत, हे एजंटला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो सामाईक म्हणतो. ती नोटरीची वाटणी सातबाऱ्याला लागत नाही. कागदावर तुम्ही सोळाजण सगळ्या जमिनीचे अविभक्त मालक. तुमच्या वयाची मंडळी आहात म्हणून रोखठोक लिहितो, राग मानू नका. एक माणूस गेला की त्याचे वारस चढणार. थोड्या वर्षांनी सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी अमेरिकेत नि ऑस्ट्रेलियात, आणि छपराची दुरुस्ती परवानगीने करायची म्हटली तर सगळ्यांच्या सह्या.

रानवारा, तुमच्याकडे पंधरा वर्षं कोणी आलं नाही हे खरंच असणार. घरपट्टी, वीजमीटर आणि रेशनकार्ड तिन्ही मिळतात आणि तिन्हींनी बांधकाम अधिकृत होत नाही. घरपट्टीच्या नमुना ८ ला नोंद म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा त्याची नोंद. आणि नियमित करायच्या योजना येतात त्या ठरावीक तारखेपूर्वीच्या व्यवहारांना. ताईंचा व्यवहार अजून झालेलाच नाही.

मगरपट्ट्याचं राहू द्या. तिथे चारशे एकरांच्या आसपास जमीन होती, मालक शेतकरी स्वतःच, शहराच्या कडेला. आज त्या धर्तीची एकात्मिक नगर वसाहत करायची तर किमान ४० हेक्टर सलग लागते. तुम्ही सव्वा हेक्टरवाले. तुमचा रस्ता साध्या रेखांकनाचा आहे, त्यात कमीपणा काही नाही.

वसुधा_ठाणे

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. पाणंदीचं वाचून पोटात गोळा आला, कारण पावसात आम्ही गाडी वर डांबरीवर लावून चालत गेलो होतो आणि वाटेत एका घरातल्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, "आमच्या रानातून चाललात व्हय." तेव्हा हसलो सगळे.

रेखांकन म्हणजे नक्की काय नि किती जागा जाते? आमच्यातल्या एकांनी सव्वातीन एकर भागिले सोळा असं करून प्रत्येकी आठ गुंठे वाटूनही टाकलेत.

रेघोट्या

मी नाशिकला आर्किटेक्ट आहे. काकांनी आर्किटेक्टला पैसे देऊ नका म्हटलंय तरी लिहितो.

रेखांकन म्हणजे जमिनीवर प्लॉट, रस्ते, मोकळी जागा कशी बसते त्याचा मंजूर करून घ्यायचा नकाशा. आठ गुंठे विसरा. राज्यात २ डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आहे, मुंबई आणि काही थोडी ठिकाणं सोडून सगळीकडे तीच. आमच्यात सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात ०.४ हेक्टरच्या वरच्या कुठल्याही रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडायची असते. तुमच्या १३,१०० चौरस मीटरला ती १,३१० झाली, तेरा गुंठे. ती शक्यतो एकसंध हवी. कोपऱ्या-कोपऱ्यातल्या चिंधोट्या जोडून चालत नाही. मग आतले रस्ते: १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद, ३०० पर्यंत १२ मीटर. सुविधा क्षेत्र, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखायची जागा, वेगळं लागतं का, ते क्षेत्रफळ बघून नगररचनेत ठरतं. सगळं वजा केलं की हातात पासष्ट ते सत्तर टक्के उरतं. जमीन लांबट चिंचोळी असेल तर त्याहून कमी, कारण रस्ताच जमीन खातो.

पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला कुंपणं नकोत, स्वयंपाकघर एक हवंय, मग प्लॉट पाडताच कशाला? नियमावलीत "वस्ती" नावाचा प्रकार नाही, तुमची कल्पना दोनपैकी एका चौकटीत बसवावी लागते. एक, प्लॉटचं रेखांकन: प्रत्येकाचा वेगळा प्लॉट, वेगळा सातबारा, पुढेमागे विकायला सोपं. दोन, समूह गृहबांधणी: जमिनीचे तुकडे होत नाहीत, एकाच भूखंडावर अनेक इमारती. बैठी सोळा घरं, एक भोजनगृह, एक पाहुण्यांची इमारत, सगळं एकाच मंजूर नकाशात. मोकळी जागा इथेही सोडायची, रस्ते इथेही लागतात, पण प्रत्येक घराभोवती प्लॉटची सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी पट्टी) सोडायला लागत नाहीत. दोन इमारतींमधलं अंतर बघतात. घरं जवळजवळ ठेवून बाकी रान सलग ठेवता येतं. तुमच्या पत्रातलं चित्र मला तरी हेच दिसलं.

तोटेही सांगतो. इथे सुटंसुटं बांधता येत नाही. एकाला आत्ता घर हवं, दुसऱ्याला निवृत्तीनंतर, तिसऱ्याला व्हरांडा तीन फूट वाढवायचाय, तर दर वेळी अख्ख्या योजनेचा सुधारित नकाशा. बांधकाम परवानगी वर्षाची असते, वाढवत वाढवत फार तर चार वर्षं, त्यामुळे पैसे सगळ्यांचे एकदम तयार हवेत. प्लॉट असतील तर मंजूर रेखांकनातल्या १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधणं तुलनेने सुटसुटीत झालंय. परवानाधारक तांत्रिक माणसाच्या दाखल्यासह नकाशा दाखल करून फी भरली की ती पावतीच परवानगीसारखी वापरता येते.

आणि सामाईक स्वयंपाकघर मोकळ्या जागेत बसवायचा मोह होईल, कारण तिथे ठरावीक टक्क्यांत क्लबहाऊस, व्यायामशाळा असं बांधता येतं. करू नका. रोज सोळा घरांचा स्वयंपाक तिथे होणार म्हटल्यावर कोणीतरी आक्षेप घेणारच. वेगळी इमारत म्हणून दाखवा.

मीनल_सांगली

रानवारा यांच्यासाठी लिहितेय. आमचं घर सांगलीत गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटवर, आहे. २००१ साली गुंठेवारी नियमाधीन करायचा कायदा आला तो आमच्यासारख्यांसाठीच. २०२१ ला त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवली. म्हणजे नियमित होतं, हे खरं.

पण प्रमाणपत्राने रस्ता रुंद होत नाही. आमच्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एक मागे घ्यायची. विकणाऱ्याने नकाशात रस्ता पंधरा फूट दाखवला होता, दोन्ही बाजूच्यांनी आपापली पायरी, आपापलं तुळशीवृंदावन बाहेर घेतलं, आता किती उरला ते मोजायलाही लाज वाटते. गटार कोणी काढायचं ठरलं नव्हतं, त्यामुळे पावसात पाणी सगळ्यात खालच्या घरात, आणि सगळ्यात खालचं घर आमचं. आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबली आणि शेजारच्या पोरांनी तिला खुर्चीवर बसवून तिथपर्यंत नेलं. सत्तरीच्या सोळा कुटुंबांनी वस्ती करताना हे आधी बघावं. नोटीस येईल की नाही हे नंतर.

जुना_अनुरेखक

मीनलताईंनी लिहिलं ते आमच्या नियमावलीच्या प्रस्तावनेत छापायला हवं.

रेघोट्या यांचं समूह गृहबांधणीचं मत मला पटलं. फक्त काही गोष्टी जोडतो.

पहिली म्हणजे वसुधाताई, तुमच्या पत्राखालची कंसातली ओळ आजच काढा. रेरा कायद्यात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यात, ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन आणि आठपेक्षा जास्त घरं असली की नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही, विक्री करता येत नाही. प्लॉटलाही तेच. "आम्ही बिल्डर नाही, आपसात करतोय" हे बोलायला ठीक, पण सभासदांसाठी घरं बांधणारी प्राथमिक सहकारी गृहनिर्माण संस्थासुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखीच, आहे. आणि "चार जागा शिल्लक" म्हटल्यावर आपसात कुठे राहिलं? तुमची रचना रेरात येते की नाही, हे संस्था काढायच्या आधी त्या विषयाच्या सनदी लेखापालाला किंवा वकिलाला लेखी विचारा.

दुसरं, शेतजमीन बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३. बारापैकी किती जणांकडे स्वतःच्या नावाचा सातबारा आहे? आणि संस्था तर शेतकरी नसतेच. म्हणून जाणती मंडळी उलट क्रमाने जातात: मूळ मालकाशी नोंदणीकृत साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) करायचं, अर्ज मालकाच्या नावाने टाकायचा, रेखांकन आणि बिगरशेतीची कागदपत्रं त्याच्या नावाने करून घ्यायची, मग खरेदी. मालक याला तयार नसेल, "आधी खरेदी करा, मग काय करायचं ते करा" म्हणत असेल, तर त्याला जमिनीबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे असं समजा.

मंजुरीचा प्रवास असा असतो. आधी हद्द कायम मोजणी, तिची क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा. क प्रतीवर आर्किटेक्ट नकाशा बेततो. सातबाऱ्यावर १ हेक्टर ३१ आहे, जागेवर किती भरतं ते मोजणी सांगेल. दोन्हीत फरक निघाला तर नकाशाला कमी असेल ते धरतात. मग तात्पुरतं रेखांकन मंजूर होतं. मग जागेवर रस्ते, गटारं, पाणी, विजेचे खांब, दगड रोवून हद्दी. प्लॉट असतील तर भूमी अभिलेखवाले येऊन ते परत मोजतात, त्यानंतर अंतिम रेखांकन. आणि शेवटी कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक होऊन प्लॉटचे वेगवेगळे सातबारे. पुष्कळ लोक तात्पुरत्या मंजुरीवरच पेढे वाटतात नि प्लॉट विकतात. विकत घेणारा मग कजापसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो, कारण रस्ते करायचे पैसे तोवर विकणाऱ्याच्या मुलीच्या लग्नात गेलेले असतात. समूह गृहबांधणीत हा शेवटचा फेरा टळतो, एकच सातबारा राहतो.

पाण्याचंही बघा. बोअर आहे म्हणताय. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत असेल तर नवीन बोअरला आडकाठी येऊ शकते. आणि जमीन कुकडी धरण प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात (त्याचं पाणी मिळणाऱ्या भागात) असेल तर पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला लागेल. ओढा जवळ असेल तर पूररेषा, पाण्याजवळची निळी नि तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत काही नाही. निळ्या-लाल रेषेच्या मध्ये जोतं उंच घेऊन.

वसुधा_ठाणे

कंसातली ओळ आता बदलता येत नाहीये, संपादकांना कळवलंय. चार जागांचा विषय बंद.

काल सातबारा ऑनलाइन काढला. मालक एक नाही, तीन नावं आहेत. भोगवटादार वर्ग १ लिहिलंय म्हणून बरं वाटलं. पण खाली इतर हक्कात "पुनर्वसनासाठी" अशी सुरुवात होऊन पुढे एका फेरफाराचा (सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक कंसात आहे. एजंटला विचारलं तर म्हणाला, "तो जुना शेरा आहे, सगळ्यांच्याच सातबाऱ्यावर असतो."

जुना_अनुरेखक

सगळ्यांच्या असतो हे अर्धं खरं. पुणे जिल्ह्यात धरणं पुष्कळ, त्यामुळे लाभक्षेत्रातल्या शेकडो सातबाऱ्यांवर पुनर्वसनाचे शेरे बसलेत. धरणग्रस्तांना जमीन द्यायची म्हणून लाभक्षेत्रातल्या जमिनींच्या विक्रीवर, वाटणीवर आणि वापरबदलावर बंधन घालतात, ते हे. शेरा असेपर्यंत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. काही ठिकाणी संपादन होऊन गेलंय, शेरा नुसता राहून गेलाय, तिथे तो आदेशाने कमी होतो. तो फेरफार तलाठ्याकडून काढून वाचा. त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख असेल, ती घेऊन पुनर्वसन शाखेत जा. कमी करून आणायचं काम मालकाचं, तुमचं नाही.

वर्ग १ आहे, म्हणजे विकायला सरकारची परवानगी लागत नाही अशी जमीन, हे चांगलं. वर्ग २ असतं तर नजराणा, परवानगी, ते वेगळं पुराण.

आता साठेखतात काय लिहायचं ते सांगतो, वकील भाषा नीट करेल. ताबा घेऊ नका. इसार अगदी लहान ठेवा. बाकीची रक्कम चार गोष्टींना बांधा: पुनर्वसनाचा शेरा कमी होणं, झोन दाखल्यात रहिवास किंवा रहिवासाला वाट निघणं, नोंदणीकृत पोहोच रस्ता मिळणं, आणि रेखांकनाची मंजुरी. एकही झालं नाही तर इसार परत, किती दिवसांत तेही लिहा. तिन्ही मालकांच्या सह्या. मालकांपैकी कोणी बाहेरगावी असेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र, फोनवरचं "हो" नको.

ओतूरचा

मी त्याच बाजूचा आहे. गाव विचारत नाही, आपण विचारू पण नये इथे. पण त्या आजी "आमच्या रानातून" म्हणाल्या असतील तर रस्ता त्यांच्याच बांधातून जातोय हे धरून चाला. आमच्याकडे कांद्याचं नि टोमॅटोचं रान कोणी सहज सोडत नाही, तरी रास्त मोबदला दिला तर बांधाकडेची पट्टी देतात. अडकतं ते भाऊबंदकीत. जमीन आजोबांच्या नावावरून उतरलेली असते नि आत्यांची नावं लागलेली असतात. एक आत्या मुंबईला, एक मंचरला, त्यांच्या सह्या राहिल्या की रस्त्याचा दस्त कच्चा.

आणि बिबट्या येतो बरं का. ऊस जवळ असेल तर संध्याकाळी एकटं फिरायचं नाही, कुत्रं बांधून ठेवायचं नाही. आर्किटेक्टना सांगा, घरापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर उजेड ठेवा.

वसुधा_ठाणे

रविवारी ग्रुपची बैठक आहे. हे सगळं छापून नेतेय. आठ गुंठे वाटून टाकणारे गृहस्थ आत्ताच चिडलेत, पण समूह गृहबांधणीवर सातआठ जणांचा होकार आहे. पुढच्या आठवड्यात पुण्याला झोन दाखल्याचा अर्ज टाकते. मग त्या आजींकडे जाते. एजंटला बरोबर नेऊ का?

ओतूरचा

नेऊ नका. त्याला दस्ताची दलाली हवी असते, म्हणून तो त्यांना आधीच काहीतरी आकडा सांगून बसलेला असेल. दुपारी जेवणवेळ टळल्यावर जा, घरात कर्ता कोण ते विचारा आणि त्यांचा सातबारा आधी ऑनलाइन काढून, त्यावरची सगळी नावं लिहून घेऊन जा.